माई चाऊचा वाडगा

कळमनुरीच्या बसस्थानकावर मी वाहतूक नियंत्रक होतो. म्हणजे खिडकीत बसून माइकवरून गाड्या पुकारणारा माणूस. नांदेड, हिंगोली, पुसद, माहूर. नोकरीभर दुसऱ्यांना गाडीत बसवलं आणि स्वतः खिडकीतच राहिलो. तेव्हाच ठरवलं होतं, निवृत्त झालो की पहिली फेरी थेट देशाबाहेरची. म्हणून गेल्या दिवाळीनंतर आम्ही नवरा-बायको व्हिएतनामला निघालो तेव्हा आमच्या तांड्यावरच्या लोकांना नवल वाटलं, मला नाही. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरायचे. मधल्या काही पिढ्या शेतीत बसल्या, एवढंच.

अडचण एकच होती आणि ती घरातच होती. माझ्या बायकोनं, कमलनं, नातेवाइकांची घरं सोडून कुठे मुक्काम केलेला नव्हता. "जिथं आपलं कोणीच न्हाई, तिथं काहून जायचं?" हा तिचा प्रश्न. बरेच दिवस मागे लागलो तेव्हा ती म्हणाली, "या खेपेला येते. पण मला न्हाई करमलं तर पुन्ना परदेशाचं नाव काढायचं न्हाई. कबूल?"

मी छातीठोकपणे कबूल म्हणालो. मला अजून कितीतरी देश बघायचे आहेत आणि तिच्याशिवाय एकट्यानं फिरण्यात मला काडीचीही गोडी नाही. या एका सहलीवर माझ्या पुढच्या सगळ्या सहली टांगलेल्या होत्या.

म्हणून तयारीत कसर ठेवली नाही. तुमच्यापैकी कोणी जाणार असेल तर ऐकून ठेवा. तिकिटाच्या आधी पासपोर्टची मुदत बघा, ती निदान सहा महिने शिल्लक पाहिजे. व्हिसाचा अर्ज घरबसल्या ऑनलाइन करता येतो, पण नाव पासपोर्टवर आहे तसंच टाका, लाडानं म्हणतात ते नको. सगळ्या कागदांच्या दोन प्रती काढा, एक नवऱ्याच्या पिशवीत, एक बायकोच्या. प्रवासाचा विमा घ्या. नवे बूट घालून निघू नका. आणि हॉटेलं अशीच घ्या की जी आयत्या वेळी रद्द करता येतील. ही शेवटची सूचना माझ्या मुलीची, मनीषाची. ती पुण्याला असते. मी तिला हसलो होतो. म्हटलं, बाई, तुझ्या बापानं लावलेलं वेळापत्रक चुकत नसतं.

वेळापत्रक असं होतं, की कमलला हात म्हणून हलवावा लागू नये. जन्मभर राबली, आता बसून खाऊ दे. तिनं मात्र बॅगेत धपाटे भरले, शेंगदाण्याची चटणी भरली, बेसनाची पिशवी कोंबली.

"तिथं जेवायला मिळतं," मी म्हणालो.

"तुमी जेवा," ती म्हणाली.

नांदेडहून रेल्वेनं हैदराबाद आणि तिथून विमानानं हनोई. हैदराबादच्या विमानतळावर तपासणीच्या दारातून कमल गेली आणि दार केकाटलं. पायातल्या चांदीच्या जाड तोरड्या. पोलिसबाईंनी बाजूला घेऊन तपासलं, तोरड्या निरखल्या आणि कुठे घडवल्या म्हणून विचारलं. दोघी बोलतच बसल्या. विमान माझ्या एकट्याच्या काळजीचा विषय उरला. तेव्हा मला त्यातून काही उमगायला हवं होतं, पण मी घड्याळ बघत होतो.

हनोई हे स्कूटरींचं शहर आहे. रस्ता ओलांडायचा तर गाड्या थांबतील म्हणून वाट बघू नका, त्या थांबत नाहीत. एका चालीनं सरळ चालत राहायचं, त्या आपल्याला वळसा घालून जातात. मी हे वाचून गेलो होतो आणि तरीही दुभाजकावर अडकलो. कमलनं काहीच वाचलेलं नव्हतं. गुरांच्या कळपातून चालावं तशी ती आरामात पलीकडे पोचली आणि तिथून मला हाका मारू लागली.

जेवणाचं सांगतो. 'फो' (तांदळाच्या शेवयांचं रस्सेदार सूप) मला फार आवडलं. सकाळी सकाळी फुटपाथवरच्या बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलांवर बसून सगळं गाव तेच ओरपत असतं. कमलचं मात्र तिथल्या माशांच्या सॉसच्या वासानंच डोकं उठलं. हा सॉस ते लोक आपल्या मिठासारखा वापरतात. ती अंडी आणि केळी खाऊन राहिली, धपाटे पुरवून पुरवून.

'हा लाँग' नावाच्या उपसागरात बोटीनं फिरलो. समुद्रातून सरळ उभे राहिलेले हिरवे डोंगर, मधून संथ पाणी. बोटीवरचे सगळे फोन वर धरून उभे. मी कमलकडे पाहिलं.

"कसं हाय?"

"चांगलं हाय."

हे 'चांगलं हाय' मला चांगलंच ठाऊक आहे. नात्यातल्या कोणासाठी स्थळ म्हणून मुलगी दाखवली की ती असंच म्हणते आणि तो विषय तिथेच संपतो.

हॉटेलात रोज सकाळी ती उठून चादरी झटकून पलंग आवरून ठेवायची. म्हटलं, इथं त्यासाठी बाई येते. तर म्हणाली, "म्हणूनच आवरून ठेवते. तिनं येऊन आपला पसारा का बघावा?" मग खिडकीशी बसून राहायची. एका दुपारी मी सरळच विचारलं, तुला काही तकलीफ होते का?

"तकलीफ कशाची," ती म्हणाली. "खायला देऊन राहिले, गाडीत बसवून राहिले. पाव्हण्यासारखं ठेवून राहिले. पण आपण पाव्हणे कोणाचे, तेच कळून न्हाई राहिलं."

मी मनातल्या मनात जपान, तुर्कस्तान, श्रीलंका एकेक करून खोडून टाकले. वाईट वाटलं. राग पण आला, एवढं सगळं जमवून आणलं त्याचं काहीच कसं नाही म्हणून.

माई चाऊ हे हनोईच्या नैर्ऋत्येला, डोंगरात वसलेलं खोरं. तिथे फक्त एक मुक्काम ठेवला होता, वाटेत पडतो म्हणून. घाट उतरताना खाली भाताची कापलेली शेतं दिसली, बांधावर म्हशी, गवताच्या गंज्या. गाव तिथल्या थाय नावाच्या जमातीचं. घरं लाकडी खांबांवर उभी, जिन्यानं वर चढायचं, खाली जागा मोकळी. आमची घरमालकीण कमलच्याच वयाची, होआ नावाची. मी लगेच तिची होआबाई करून टाकली. 'शिन चाव' (नमस्कार) आणि 'काम अन' (धन्यवाद) एवढे दोन शब्द माझे पाठ होते, ते एका दमात वापरून मोकळा झालो. कमलनं हात जोडले.

संध्याकाळी होआबाई स्वतः वर आल्या आणि निळ्या काठाचा एक चिनी मातीचा वाडगा कमलच्या हातात देऊन गेल्या. आत 'सोई' (वाफवलेला चिकट भात) आणि वर भाजलेले तीळ. सॉस नाही, काही नाही. कमलनं वास घेतला, चाखलं आणि सगळा संपवला. वाडगा धुतला, पुसला. मी म्हटलं, ठेव तिथेच, नेतील त्या.

"रिकामा?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चोरी करायला सांगितली होती. शेजारच्या घरातून आलेलं भांडं रिकामं परत करत नाहीत, निदान गुळाचा खडा तरी ठेवतात, हे आमच्याकडे लेकराला सुद्धा कळतं. मी ते सीमेपलीकडे लागू धरलं नव्हतं, इतकंच.

सकाळी तिनं उरलेले धपाटे वाडग्यात ठेवले आणि जिना उतरून खाली गेली. थोड्या वेळानं परतली तर हसत होती. "बसून खाल्लं तिनं. माझ्या समोर."

मला बरं वाटलं. म्हटलं, झालं काम. पण तासाभरात होआबाई वर हजर, हातात तोच वाडगा, उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगांनी भरलेला. रिकामं भांडं परत न करण्याचा त्यांचा रिवाज आहे की कमलचं बघून त्यांनी मनावर घेतलं, मला सांगता येणार नाही. फोनवर भाषांतराची सोय घेऊन मी दोघींच्या मध्ये उभा राहिलो, पण त्यांना माझी गरज नव्हती. ही मराठीत बोलत होती, त्या त्यांच्या भाषेत. शेंगा सोलून, दाणा दाखवून, चटणीचा डबा उघडून. वाडग्यात चटणी गेली.

दुपारी आमची पुढची गाडी होती. निन बिन्ह नावाच्या गावी, डोंगरांमधून वाहणारी नदी, होड्या, सगळं ठरलेलं. मी बॅगा जिन्याखाली आणून ठेवल्या. गाडी आली. वाडगा पुन्हा कमलच्या हातात होता, या वेळी भाजलेल्या रताळ्यांचा.

"चल," मी म्हणालो.

"चल कसं? भांडं माझ्याकडं हाय."

"दे ना परत."

"चटणी संपली, धपाटे संपले. बेसन हाय, त्याचं पिठलं करावं लागंल. असं भरलं भांडं रिकामं करून द्यायचं अन् गाडीत बसायचं, बराबर दिसतं का ते?"

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मी सबंध नोकरीत कोणासाठी गाडी थांबवली नाही. पुढारी आले, नातेवाईक आले, एकदा साक्षात सासरे आले. वेळ झाली की गाडी सोडली. त्या दिवशी मी कमलचा चेहरा पाहिला. ती वैतागली होती. मला ओळखीची, घरातली वैतागलेली कमल हनोईपासून पहिल्यांदाच दिसत होती. मी ड्रायव्हरला जा म्हणून हात केला आणि गाडी आमच्याशिवाय गेली. निन बिन्हचं हॉटेल फोनवरून रद्द केलं. मनीषाला तसं कळवलं, तिनं उलट हसणारं चित्र पाठवलं.

मग कमल होआबाईंच्या स्वयंपाकघरात शिरली. चुलीवर तेल तापलं. लसूण तिथे मिळाला, मिरची मिळाली, आमच्या रानातली हळद कमलच्या पुडीत होती. होआबाईंनी सवयीनं सॉसची बाटली पुढे केली तर कमलनं ती कोपरानंच हळूच बाजूला सारली. दोघी खळखळून हसल्या. पिठलं वाडग्यात घालून होआबाईंच्या यजमानांपुढे ठेवलं. त्यांनी भाताबरोबर कालवून खाल्लं, पुन्हा मागून घेतलं, आणि माझ्याकडे बघून शाबासकीचा अंगठा वर केला. मी काहीच केलेलं नव्हतं, तरी घेतला.

आम्ही तिथे आणखी दोन मुक्काम केले. मी सायकलवर खोरं पालथं घातलं. कमल होआबाईंबरोबर परड्यात भाजी खुडायला गेली, त्यांच्या हातमागावर बसली, त्यांना आमच्याकडचा आरशांचा टाका घालून दाखवला. एका संध्याकाळी ती जिन्यावर बसली होती, समोर डोंगरावरून धुकं उतरत होतं. न विचारताच म्हणाली, "लई सुंदर हाय ओ हे." 'हा लाँग'चे डोंगर मला याहून देखणे वाटले होते, तरी मी तिच्या शेजारी जिन्यावर बसलो.

निघायच्या दिवशी कमलनं सकाळीच वाडगा परत केला. आत गुळपट्टीचा तुकडा होता, पिशवीच्या तळाशी सापडलेला. हिशोब मिटला असं मला वाटलं. गाडी सुरू झाली आणि होआबाई धावत आल्या. खिडकीतून वाडगा आत दिला, त्यात केळीच्या पानात बांधलेला गरम भात. कमलनं घाईनं भाताची पुडी काढून घेतली, पदराचं टोक चाचपलं, पिशवी धुंडाळली. घालायला काहीच नव्हतं. रिकामा वाडगा पुढे करायला तिचा हात उठेना, आणि होआबाईंनी तर दोन्ही हात पाठीमागे नेले होते. गाडी निघाली. घाट चढेपर्यंत कमल वाडगा मांडीवर घेऊन बसली होती आणि तिचे डोळे भरले होते. माझेही भरले, खोटं कशाला बोलू?

विमानात वाडगा टॉवेलात गुंडाळून हातातल्या पिशवीत आणला. फुटणारी वस्तू कधी मोठ्या बॅगेत टाकू नका. नांदेडला उतरलो, जीप केली. कळमनुरीच्या चौकात नेहमीची गर्दी, सोयाबीनच्या पोत्यांचे ट्रॅक्टर. तांड्यावर लोक जमले. मी विमानाचं सांगितलं, उपसागराचं सांगितलं. कमलनं सांगितलं ते फक्त होआबाईंचं. लोक तिच्याभोवती जास्त होते.

वाडगा फळीवर ठेवला गेला. तो कोणी वापरत नव्हतं. मीही विषय काढला नाही, कारण करमलं की नाही करमलं, याचा निकाल अजून माझ्या कानावर आला नव्हता आणि मागून घ्यायची हिंमत होत नव्हती. तयारी कशी करावी हे मी कोणालाही सांगू शकतो. पण परक्या गावात माणूस कशानं आपलं होतं, हे कुठल्या वेळापत्रकात बसवायचं, ते मला आजही सांगता येणार नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाला हळद निघाली. शिजली, वाळली, गिरणीतून दळून आली. कमलनं सगळ्यात पहिली पूड एका डब्यात भरली, घट्ट झाकण लावलं आणि तो डबा फळीवर वाडग्याच्या शेजारी ठेवला.

"हे कोणासाठी?" मी विचारलं.

"लोकाचं भांडं किती दिवस ठेवून घ्यायचं?"

मी तोंड शक्य तितकं गंभीर ठेवलं. "पोस्टानं पाठवून देऊ."

"पोस्टानं कोण भांडं परत करतं हो?" कमल माझ्यावर खेकसली.

मी उठलो आणि दोघांच्या पासपोर्टची मुदत बघायला कपाट उघडलं.