रॉकेटची किल्ली

काल इथं आखातात, बौशरच्या आमच्या इमारतीत पाण्याच्या टाकीला फायबरग्लास लावत होते. रेझिनच्या उग्र वासानं लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यातलं, निझव्यापलीकडचं माळरान आठवलं.

नवऱ्यानं दोन महिने खपून माणसाच्या उंचीचं फायबरग्लासचं रॉकेट जोडलं होतं. मी दूर उभी राहून, लांब तारेनं त्याला जोडलेल्या पेटीची किल्ली फिरवून बटण दाबलं, पण ते पेटलंच नाही.

“किल्ली काढून मुठीत ठेव. मी तार बघून येतो.”

“अहो, राहू द्या ना!”

ते रॉकेटपाशी वाकले. किल्लीशिवाय ते पेटणार नव्हतं, तरी मी मूठ घट्ट आवळून धरली.

ते परतले. “यल्ला, चल! किल्ली लाव, दाब आता!”

रॉकेट सुसाटत गेलं.

“पाहिलंस, किती उंच गेलं?”

मी हो म्हणाले. खरं तर माझी नजर त्यांच्यावरून हललीच नव्हती. तेव्हा त्या भित्रेपणाची लाज वाटली होती. आता वाटत नाही.