तांब्याची तार आणि दोन व्याही

माझ्या मुलीचं लग्न तांब्याच्या तारेमुळे मोडता मोडता राहिलं. (असं मला वाटलं होतं. बाकी कुणाला वाटलं नव्हतं, पण बाकी कुणी माझ्याइतकं घाबरलेलंही नव्हतं.)

आमची ईशा बॉथेल शहरात वाढली आणि तिचा ल्यूक डोंगरापलीकडे, शेलान तलावाच्या काठी. लग्न ठरल्यावर त्याचे वडील, डेल, आमच्याकडे जेवायला आले. बायको गेल्यापासून ते एकटेच राहतात आणि शब्द मोजून वापरतात. माझ्या बायकोने, माधुरीने, सॅमनचं कालवण केलं होतं. टेबलावर शांतता पसरली की मला काहीतरी बोलायची खोड आहे. मी म्हणालो, "डेल, आम्ही रत्नागिरीचे. मासे आमच्या रक्तातच आहेत."

मला खाण्याबद्दल म्हणायचं होतं. रत्नागिरीत मी मासा पाहिला तो कोळणीच्या टोपलीत, किंवा थेट ताटात. मधल्या प्रवासाशी माझा संबंध नव्हता. पण डेलचे डोळे लकाकले. ल्यूकला बोट लागते, त्यामुळे इतक्या वर्षांत त्यांना तलावावर जोडीदारच मिळाला नव्हता. हातातला चमचा खाली ठेवून त्यांनी विचारलं, "डीप ट्रोलिंग केलंय कधी?"

मी म्हणालो, "थोडंफार."

ईशाने टेबलाखालून लाथ मारली, पण तोवर शनिवार ठरला होता.

(ट्रोलिंग म्हणजे इंटरनेटवर करतात ते नव्हे. बोट हळूहळू चालवत मागे पाण्यातून आमिष ओढत न्यायचं, त्याला ट्रोलिंग म्हणतात. त्या शनिवारी माझ्या वाट्याला दोन्ही प्रकार आले.)

सकाळी बोटीत डेल, मी, माधुरी आणि ईशा. ल्यूक काठावरून हात हलवत होता आणि मला त्याचा हेवा वाटत होता. डेलनी सगळं नीट समजावलं. उन्हाळ्यात लेक ट्राऊट मासे गारव्यासाठी खोल तळाशी जाऊन बसतात. साधी दोरी तिथवर जात नाही, म्हणून ते तांब्याची तार वापरतात. ती स्वतःच्या वजनानेच बुडते. बोटीच्या दोन बाजूंना दोन रॉड, दोन्हींच्या तारा मागे लांबवर पाण्यात. तार सोडताना रिळावरचा अंगठा उचलायचा नाही. बोट थांबवायची नाही, नाहीतर तार तळाला जाऊन अडकते. आणि बोट एकदम वळवायची तर मुळीच नाही, तारा एकमेकींत गुंततात. मी प्रत्येक वाक्याला अशी मान डोलावली, की जणू हे सगळं मला मुंजीतच कानात सांगितलं होतं.

मग मी तार सोडायला लागलो. नाक खाजलं. मी अंगठा उचलला.

रीळ गरगर फिरलं आणि पापणी लवायच्या आत त्यावर सुगरणीचं घरटं तयार झालं. तांब्याचं. गुडघ्यावर रीळ घेऊन डेल एकेक वेटोळं सोडवत बसले, आणि जिथे तार मुडपली होती तिथे पकडीने तोडत राहिले. मी माफी मागितली. ते म्हणाले, हे सगळ्यांचंच होतं.

"सगळ्यांचं होत नाही," माधुरी मराठीत पुटपुटली. "त्यांच्या चेहऱ्यावर दिसतंय की."

अखेर दोन्ही तारा पाण्यात गेल्या. पुढे बराच वेळ काहीच घडलं नाही, आणि त्या दिवसातला तेवढाच वेळ माझ्या बाजूने होता. माधुरीने थालीपीठं काढली. डेलनी एक चाखलं, दुसरं मागून घेतलं आणि मला म्हणाले, तेवढं जरा स्टिअरिंग धर, सरळ चालव. माझ्या मनात आशा पालवली. पस्तीस वर्षं मी या देशात गाडी चालवतोय, सरळ जाण्यात काय आहे?

तेवढ्यात वाऱ्याने माझी टोपी उडाली.

टोपी पाण्यावर तरंगत मागे जाताना दिसली आणि मी, एक्झिट चुकलेल्या माणसासारखा, यू-टर्न घेतला. शिवाय टोपी उचलता यावी म्हणून इंजिन न्यूट्रलमध्ये टाकलं. (डेलच्या एकूण एक सूचना मोडून झाल्या होत्या. बोटीला भोक पाडायचं तेवढं राहिलं होतं, पण त्याबद्दल त्यांनी काही सांगितलं नव्हतं.)

टोपी हातात आली आणि त्याच क्षणी दोन्ही रॉड वाकले.

डेल थालीपीठ टाकून उठले. एकाच वेळी दोन मासे! एक रॉड त्यांनी घेतला, दुसरा माझ्या हातात दिला. मी रीळ फिरवलं तर पलीकडून दांडगा हिसका आला. डेलनी फिरवलं तर माझा रॉड कमानीसारखा वाकला. माधुरीने रत्नागिरीला माझ्या थोरल्या भावाला व्हिडिओ कॉल लावला. मासेमारीशी दादाचाही संबंध नाही, पण तो तिकडून सूचना देऊ लागला. "सोडू नको त्याला. दमव. आधी दमव."

मी दमवत होतो. हात भरून आले, घाम डोळ्यांत गेला. पलीकडचा मासा काही दमेना. डेलचा चेहरा लाल झाला होता, आणि ते हसत होते. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. इतका मोठा मासा आयुष्यात लागला नव्हता, असं ते म्हणाले. मलाही भरून आलं. वाटलं, लग्नाआधीच दोन घरं एक झाली.

मग हळूहळू त्यांचं हसू ओसरलं. ते म्हणाले, "एक मिनिट रीळ फिरवू नकोस."

मी थांबलो. त्यांचा मासा थांबला.

"आता फिरव."

मी फिरवलं. त्यांचा रॉड वाकला.

फोनमधून दादा विचारत होता, "काय झालं? सुटला का?"

"नाही काका," ईशा म्हणाली. "बाबांनी डेलना पकडलंय."

गुंतलेल्या तारा थांबलेल्या बोटीखाली तळाला गेल्या होत्या आणि तिथे कशाला तरी अडकल्याही होत्या. डेलनी बोट पुढे-मागे करून कशाबशा सोडवल्या. वर आला तो तांब्याचा एक मोठा गोळा. त्यात एक बुटाएवढा ट्राऊट अडकला होता, बहुधा गडबड कसली ते बघायला आलेला. डेलनी त्याला अलगद सोडवून पाण्यात सोडलं. मला वाटलं, निदान त्याची तरी सुटका झाली.

परतताना डेल समोर नजर लावून बोट चालवत होते. मी मनातल्या मनात हॉल कॅन्सल करत होतो. भटजींना काय सांगायचं? मुलीच्या बापाने व्याह्याला गळाला लावलं? मी ईशाला हळूच विचारलं, "ल्यूकशी बोलशील का?"

"बाबा, प्लीज," ती म्हणाली. "जस्ट सिट."

माधुरी मात्र तो गोळा मांडीवर घेऊन बसली होती. गळ्यातल्या साखळ्यांच्या गाठी सोडवण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. तार न मोडता ती एकेक पीळ उलगडत गेली. काठ येईपर्यंत दोन्ही तारा वेगळ्या होऊन रिळांवर नीट गुंडाळलेल्या होत्या. डेलनी रीळ हातात घेऊन कितीतरी वेळ उलटसुलट पाहिलं.

पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. मी तो उभा राहून घेतला. त्यांनी आधी हवा कशी आहे ते सांगितलं, मग घसा खाकरला आणि विचारलं, "शनिवारी माधुरी मोकळी आहे का?"

लग्न थाटात झालं. माधुरी आता बरेचदा शेलानला जाते आणि अंगठा कधी उचलत नाही. मी घरी वाटण करून ठेवतो. गेल्या वेळी तिने मोठा ट्राऊट आणला, साफ केला, हळद-मीठ लावलं आणि तव्यावर टाकायला माझ्या हातात दिला.

तो माझ्या हातून निसटला आणि फ्रिजखाली गेला.