तालीचं तोंड बांधल्यावर

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. जत तालुक्यात आमचं उताराचं रान. आम्ही नवरा-बायकोनं जन्मभर ताली घातल्या, म्हणजे उतारावर दगडाचा आडवा बांध रचून माती-पाणी अडवायचं. ती दगड उचलून द्यायची, मी बसवायचो.

कराडच्या एका संस्थेला केनियातल्या एका डोंगरी गावात ताली शिकवायला माणूस पाहिजे होता. पगार नाही, नुसतं खाणं आणि विमानाचं तिकीट. पोरगं म्हणालं, "आबा, जावा की. हितं तरी काय करताय?" बायकोला दगडाचं काम आता झेपत नव्हतं, ती मागं राहिली.

पहिला महिना रडण्यात गेला. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा घशाखाली उतरंना. भाषा कळंना. फोनवर बायकोला म्हणालो, "मला हितनं न्या."

"आवं, लोक हसतील. गेलायसा तर काम करून या."

मग हळूहळू हात चालायला लागले. दगड कुठला कुठं बसतो हे खुणेनं सांगता येतं. माझ्याच वयाचा एक म्हातारा जोडीला होता. दगड चुकीचा ठेवला की मी त्याच्या पाठीत बुक्की घालायचो, माझा चुकला की तो मला. दोघंही हसायचो. सकाळी मी पोचेपर्यंत कुणी पहिला दगड लावत नव्हतं. घरी माझ्यासाठी कुणी कशालाच थांबत नव्हतं. सात महिने झाले. तो घट्ट गोळा मी मागून घेऊन खायला लागलो.

तवा पोराचा फोन आला. "आबा, आईला सांगलीला दवाखान्यात ठेवलंय. लय बारीक झालीया. येता काय?"

मी म्हणालो, "तालीचं तोंड उघडं हाय. पाऊस तोंडावर आलाय. आठ दिवस लागतील."

तोंड, म्हणजे बांधात शेवटी राहिलेली फट, बांधल्याशिवाय ताल सोडायची नाही, ही आमच्याकडची रीत. अर्धी ताल फुटली तर खालच्याचं रानही घेऊन जाते. बायको फोनवर आली. आवाज बारीक झाला होता. "तोंड बांधून या. घाई करू नका."

तोंड दोन दिवसांत बांधून झालं.

मी निघालो नाही. काम संपल्यावर गावानं शेळी कापायची ठरवली होती, म्हणून थांबलो. मग त्या म्हाताऱ्यानं त्याच्या पोरीचं गाव दाखवायला नेलं, म्हणून थांबलो. मला परत यायचंच नव्हतं. फोन आल्यापासून पाचव्या दिवशी ती गेली.

मी पोचलो तवा सावडून झालं होतं. राखसुद्धा दिसली नाही. मेहुणी दारातच म्हणाली, "तोंड बघायला बी आला न्हाईसा? दगडं एवढी गोड लागली व्हय?"

पोरगं तिच्यावर धावून गेलं. "मावशे, गप बस! तालीचं तोंड उघडं टाकून आबा कसं येणार? आईनंच सांगितलं हुतं." जमलेल्या माणसांनी माना डोलावल्या. मी पिशवी उचलून आत गेलो.

ते गाव मला अजून आवडतं. हे लिहितानाही आवडतं. त्याची लाज वाटते, पण आवड काही जात नाही.

पोरगं अजून माझ्या बाजूनं भांडतं. मावशीशी त्यानं बोलणं टाकलंय. तो दोन दिवसांचा हिशोब त्याला सांगितला, तर तो माझ्याशीही बोलणं टाकील. म्हणून मी गप आहे, आणि ती बिचारी खरं बोलून वाईट ठरली आहे.