नेमसिंग शिपायाची बदली

नेमसिंग शिपायाच्या हातात काय होतं? दाराजवळचा स्टूल अन् पाण्याची घागर. तरी पुसदकडच्या त्या कचेरीचं निम्मं काम त्याच्याच तोंडानं चाले. बंजाऱ्यांच्या तांड्यावरची बाई आली की तो तिच्याशी त्यांच्या गोरबोलीत बोले अन् साहेबाला मराठीत सांगे. जेठासमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, तांड्यातली बाई घुंगटातून शब्द काढत नाही. म्हणून नेमसिंग आधी जेठाला काहीबाही आणायला पिटाळायचा. पंधरा वर्षं हे असंच चाललं. कागदोपत्री त्याची नोंद म्हणाल, तर नाव नका काढू.

सहासष्ट साली हुकूम आला, कारभार मराठीतच. हुकूम चांगलाच होता हो, पण पडला भगवानराव साहेबांच्या हाती. जन्मभर इंग्रजीत शेरे मारलेला हा माणूस दोन दिवसांत मराठीचा कैवारी झाला. नेमसिंगाला बजावलं, "कचेरीत मराठीशिवाय चकार शब्द नको. तू दारावर बस."

त्याच हप्त्यात धनीबाईची तारीख होती. नवरा वारलेला, अन् त्याचं शेत जेठ बाबूसिंग एकट्याच्या नावावर चढवून मागत होता. साहेबांनी विचारलं, "सदर फेरफारास आपली हरकत आहे काय?" घुंगट गप्प. तीनदा विचारलं, तीनदा गप्प. बाबूसिंग शेजारीच उभा, मिशीत हसत. साहेब कारकुनाला म्हणाले, "लिहा, हरकत नाही."

नेमसिंग दारावरचा स्टूल सोडून उठला. तो सरळ आत आला. "बाबूसिंग, साहेबाले पान पाह्यजे. जाय बरं लवकर." साहेबाचं पान म्हटल्यावर बाबूसिंग ऐटीत गेला. मग नेमसिंगानं विचारलं, "याडी, ई खेत केरो छ?" म्हणजे, आई, हे शेत कोणाचं? घुंगटाआडून धनीबाई जी सुटली, की नेमसिंगाच्या मराठीतून तिची जबानी लिहिता लिहिता कारकुनाला दौतीत दोनदा शाई घालावी लागली. कागदावर आलेली जबानी साहेबांना खोडता येईना, तिचं नाव शेतावर चढलं.

आठ दिवसांनी नेमसिंगाला मेमो मिळाला. कचेरीत मराठी का बोलला नाही, खुलासा करा. मेमो इंग्रजीत होता. शिक्षेला मराठीचं वजन पडत नाही म्हणे.

नेमसिंग म्हणाला, "मले तं हे वाचता येत नाही, साहेब. आता याचं मराठी कोन करून देते?"

साहेबांनी त्याची बदली करून दिली, मारेगावकडं. तिकडं कोलाम आदिवासी फार, तिथं याची गोरबोली कोण ऐकतं, असा त्यांचा होरा. नेमसिंग वर्षभरात कोलामी शिकला. इकडं कचेरीच्या भिंतीवर उत्तम मराठी कारभाराचं प्रशस्तिपत्र लागलं, अन् नेमसिंग गेल्यावर तांड्यावरून आलेल्या एकूणएक विधवेच्या कागदावर एकच ओळ पडली: हरकत नाही.