नाहीतर

१० नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी दूध नासलं. सूनबाई शाळेतून एक खोकं घेऊन आली. खोक्यावर तिच्या जुन्या साहेबांचा हसरा फोटो. दुपारी जेवली नाही. संध्याकाळी खोलीत एकटीच हसत होती. मी काही विचारलं नाही.

सासूबाईंच्या रोजनिशीत एवढंच आहे. विचारलं नाही हे खरं, पण चहाचा कप हातात धरून तो पार निवेपर्यंत त्या दाराशी उभ्या होत्या, हेही खरं.

आत सूनबाई फरशीवर मांडी घालून बसली होती. पुढ्यात तळहातावर मावेल अशी एक गाडी. गाडीच्या पोटाखाली बारीक डोळे, आणि त्या डोळ्यांनी फरशीवरची काळी पट्टी बघत ती सुरसुर पळायची. मुलांना रोबोट शिकवायचं तयार खेळणं होतं ते. खोक्यावर ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'शिक्षकाची गरज नाही.' सूनबाईने पट्टीवर पांढरा कागद टाकला. गाडी कागदावर आली, पट्टी दिसेनाशी झाली, तरी ही आपली थांबायला तयार नाही. नाकासमोर गेली आणि पलंगाच्या पायावर आपटली. सूनबाई हसली. गाडी उचलली, पुन्हा सोडली. पुन्हा आपटली. पुन्हा हसली.

"आई, या ना आत. उभ्या राहून पाय दुखतील."

"मी आपली जाता जाता थांबले होते हो," सासूबाई म्हणाल्या आणि पलंगावर बसल्या.

"त्याने अजून लिहिलेलं नाही, आई. अजूनही!"

"काय?"

"नाहीतर."

"नाहीतर काय?"

"तेच तर!"

सासूबाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग खोक्यावरच्या फोटोकडे. "म्हणजे तीच चूक? जिच्यापायी तुला घालवलं ती?"

"तीच. जशीच्या तशी."

दोन वर्षांपूर्वी सूनबाई एका सॉफ्टवेअर कंपनीत इंजिनीअर होती. दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका, म्हणजे त्यांच्या भाषेत 'बग', किडे, इतक्या अचूक पकडायची की ऑफिसात तिला 'किडेबाई' म्हणत. साहेबांना मात्र किड्यांचं वावडं. कुणी काही दाखवायला गेलं की त्यांचं एकच पालुपद, "चालतंय ना? मग चालू दे." सासूबाईंनी तर त्या माणसाचं नावच 'चालतंय' ठेवलं होतं.

तेव्हा काम होतं हॉस्पिटलात चादरी वाहणाऱ्या गाडीचं. गाडीने जमिनीवरच्या रेघेवरून आपोआप जायचं. आता कुठलाही प्रोग्राम घ्या, त्याचा जीव तीन शब्दांत असतो: जर, तर आणि नाहीतर. जर रेघ दिसली, तर तिच्यावरून चाल, नाहीतर थांब. सूनबाई पुनःपुन्हा सांगत होती की यात 'नाहीतर' राहिलंय, रेघ दिसली नाही तर ही गाडी कुणाच्याही अंगावर जाईल. साहेब म्हणाले, "रेघ दिसणारच. चालतंय ना?"

गिऱ्हाइकाला गाडी दाखवायच्या दिवशी फरशी पॉलिश करून लखलखीत ठेवलेली. खिडकीतून आलेलं ऊन नेमकं रेघेवर पडलं. गाडीला रेघ दिसेना. ती सरळ गेली ती काचेच्या दारावर, आणि दाराशी कॉफी पीत उभ्या असलेल्या हॉस्पिटलच्या बड्या साहेबांचा शर्ट कॉफीने माखला. चालतंयसाहेब सगळ्यांच्या देखत सूनबाईकडे हात करून म्हणाले, "यांच्या हातून राहून गेलं." आणि तिच्या कानाशी येऊन, "उभ्या राहून सॉरी म्हणा, नाहीतर…"

नाहीतर काय, ते सांगितलं नाही. त्या माणसाला प्रोग्रामातलं 'नाहीतर' कधी पुरं करता आलं नाही, तसं धमकीतलंही नाही.

ती उभी राहिली आणि सॉरी म्हणाली. पुढच्याच महिन्यात नोकरी गेली. जिथे जिथे अर्ज केला तिथे तिथे तिच्याआधी साहेबांचा शब्द पोचलेला असायचा.

मग तिने घरातच मुलांचा कोडिंगचा वर्ग सुरू केला. शेजारीपाजारी म्हणत, किती गुणाची, मुलांसाठी एवढी नोकरी सोडली! ती हसून मान डोलवायची. तिचा नवरा दातांचा डॉक्टर. दिवसभर दुसऱ्यांची तोंडं उघडायची आणि घरी आपलं मिटून ठेवायचं, असा त्याचा स्वभाव. खरं कारण फक्त सासूबाईंना ठाऊक होतं.

"आई, मी अशी मुलं तयार करणार आहे की उद्या चालतंयला हाताखाली एक माणूस मिळता कामा नये."

"कर तयार," सासूबाई म्हणाल्या होत्या. "पण जेवायच्या आधी टेबलावरच्या वायरी उचल."

वर्गाचे कायदे सुडातूनच निघाले होते. 'चालतंय' म्हणायला बंदी. 'सॉरी' म्हणायलाही बंदी. चुकलं तर कुठे चुकलं ते बोट ठेवून दाखवायचं. आणि पहिला धडा 'नाहीतर'चा.

"घरी आई काय म्हणते? 'खेळणी आवर, नाहीतर…' पुढे?"

"नाहीतर बघ!" सगळी एका सुरात.

"बघ म्हणजे काय? यंत्राला 'बघ' कळत नाही. पुढे काय ते नीट लिहायचं."

तेव्हापासून मुलांना चटकच लागली. कुणी 'नाहीतर' म्हणून थांबलं की पोरं ओरडायची, "पुढे काय?" एक आई तक्रार घेऊन आली, "अहो टीचर, आमच्या धाकाचा पार भुगा केलात तुम्ही. काल मी म्हटलं, झोप, नाहीतर… तर म्हणते, पुढे काय?"

ती मुलगी म्हणजे वर्गातला शंकासुर. दहा वर्षांची, पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले, आणि प्रश्न असे की उत्तर देणाऱ्याला घाम फुटावा. ती पुढे बसली की बाकीच्यांना बोलायला वावच मिळत नसे, म्हणून सूनबाई तिला सगळ्यांत मागे बसवायची.

वर्गाचा बोलबाला झाला तशी जवळच्या शाळेने सूनबाईला बोलावून घेतलं. प्रयोगशाळेमागची जुनी अडगळीची खोली तिला मिळाली. वर्ष बरं गेलं. आणि आता हे खोकं, चालतंयने बाजारात आणलेलं.

"तुम्ही बघून सांगा," मुख्याध्यापिका म्हणाल्या होत्या. "पालकांना पसंत पडलं तर घेऊ. म्हणजे मग तुमचा वर्ग… तुम्हालाही तेवढा त्रास कमी."

त्रास कमी म्हणजे काय, ते न कळण्याइतकी सूनबाई दूधखुळी नव्हती. गाडी थांबत नाही हे एका वाक्यात सांगितलं असतं तर खोकं आल्या पावली परत गेलं असतं. वर्ग वाचला असता. पण तिला नुसता वर्ग नको होता. तिला भरल्या सभेत त्या माणसाच्या तोंडून दोन शब्द हवे होते: 'माझी चूक.'

म्हणून दुसऱ्या दिवशी तिने मुख्याध्यापिकांना सांगितलं, "साहेबांनी स्वतः येऊन पालकांसमोर दाखवलं तर बरं पडेल. मुलांनाही बसवू."

घरी सासूबाईंनी बजावलं, "तू आधी तोंड उघडू नकोस. म्हणतील, जुना डूख धरलाय."

"धरलाच आहे."

"धर ना. मी कुठे सोड म्हणतेय? दिसायला नको एवढंच."

ठरल्या शनिवारी सभागृह भरलं. सासूबाई ठेवणीतले कपडे घालून, चष्मा पुसून मागच्या रांगेत बसल्या. सूनबाई खांबाआड उभी राहिली. त्याआधी तिने एकच गोष्ट केली होती. शंकासुराचा हात धरून तिला पहिल्या रांगेत, अगदी मधल्या खुर्चीवर बसवलं होतं.

चालतंयसाहेब आले. पोट थोडं सुटलेलं, हसू तेच. व्यासपीठावर काळ्या पट्टीचं मोठं वळणावळणाचं रिंगण चिकटवलेलं. मागच्या पडद्यावर गाडीचा प्रोग्राम, रंगीत ठोकळ्यांचा, मुलांना वाचता येईल असा मराठीत. "बघा, किती सोपं!" साहेब म्हणाले. "पोरगंसुद्धा वाचेल." गाडी सुटली, रिंगणावरून झोकात फिरली. टाळ्या पडल्या. पालकांच्या माना डोलू लागल्या.

पहिल्या रांगेत हात वर झाला.

"काका, रेघ दिसली नाही तर ती काय करते?"

"दिसणारच ना बेटा. एवढी ठळक आहे."

"पण नाहीच दिसली तर?"

"असं वाईट वाईट बोलू नये," साहेब म्हणाले. सभा हसली. शंकासुर हसली नाही.

"मी करून बघू?"

लहान मुलीला नाही कसं म्हणणार! साहेबांनी मोठ्या कौतुकाने तिला वर बोलावलं. तिने वहीचं कोरं पान टरकन फाडलं आणि पट्टीवर ठेवलं. गाडी आली, पानावर चढली, आणि निघाली नाकासमोर. व्यासपीठाची कड आली तरी थांबेना. थेट खाली, मुख्याध्यापिकांच्या पायाशी उताणी पडली. उलट्या पडलेल्या झुरळासारखी तिची चाकं हवेत फिरत राहिली.

हशा पिकला. साहेबांचं हसू मात्र जागच्या जागी वाळलं. मग ते वाकले आणि पोरीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "कागद तू टाकलास ना? या मुलीच्या हातून झालं बरं का, गाडीचा काही दोष नाही. सॉरी म्हण बेटा सगळ्यांना."

खांबाआड सूनबाईच्या कानशिलात रक्त चढलं. तोच आवाज. तोच हात.

पण शंकासुर कुठली ऐकतेय! "आमच्या वर्गात सॉरी म्हणत नाहीत," ती म्हणाली. "कुठे चुकलं ते दाखवतात." आणि ती पडद्याशी गेली, टाचा उंच करून एकेका ठोकळ्यावर बोट ठेवू लागली. "हे बघा. इथे जर आहे. इथे तर आहे. नाहीतर नाहीये."

साहेब घसा खाकरत म्हणाले, "आमच्या टीमकडून एखादी बारीकशी गोष्ट राहिली असेल…"

"कुठल्या टीमकडून, साहेब?"

सूनबाई खांबाआडून बाहेर आली होती.

"अरे! तुम्ही? इथे कशा?"

"मीच शिकवते यांना. तेव्हा तुमची टीम म्हणजे मी होते. मी उभी राहून सॉरी म्हटलं होतं. हे खेळणं तर मला काढल्यानंतरचं. यात कुणाच्या हातून राहिलं?"

साहेबांनी मुख्याध्यापिकांकडे पाहिलं. त्यांनी गाडी उचलून घेतली होती आणि चाकं थांबवायचं बटण शोधत होत्या; त्या मदतीला येण्याचं काही लक्षण दिसेना.

"मुलांसमोर हे काय मॅडम," साहेब हळू आवाजात म्हणाले. "तुम्हाला हवंय तरी काय?"

"'माझी चूक' म्हणा."

"नाहीतर?" साहेबांनी छद्मी हसून विचारलं.

झालं! सगळा वर्ग एका दमात ओरडला, "पुढे काय?"

पालक खो खो हसू लागले. ती धाकाचा भुगा झालेली आई तर डोळे पुसत होती. साहेबांचे कान लाल झाले. "बरं बरं. राहिलं माझ्याकडून."

"ते नाही. दोन शब्द आहेत."

"…माझी चूक."

"मागे ऐकू आलं नाही हो!" शेवटच्या रांगेतून सासूबाईंचा खणखणीत आवाज आला.

साहेबांना ते मोठ्याने म्हणावं लागलं. सूनबाईने ते डोळे मिटून ऐकलं, एखादी बाई दिवसभराच्या पायपिटीनंतर चप्पल काढून गार फरशीवर पाय ठेवते तसं.

खोकं परत गेलं. वर्ग राहिला. सभागृह रिकामं झाल्यावर सूनबाई गुडघ्यांवर बसून पट्टी उखडत होती, शंकासुर तिला मदत करत होती.

"टीचर, तुम्हाला आधीच माहीत होतं ना?"

सूनबाईचा हात थांबला. "कशावरून?"

"मला पुढे बसवलंत. तुम्ही मला कधीच पुढे बसवत नाही."

या पोरीपुढे लपवाछपवीत अर्थ नव्हता. "होतं माहीत."

"मग मला सांगायचं होतं. ते काका ओरडले असते तर?"

सूनबाईच्या हातातली पट्टी बोटांना चिकटून बसली होती. त्या माणसाला उघडं पाडायच्या नादात तिने या पोरीला त्याच्या हाताखाली उभं केलं होतं, आणि आपण मात्र खांबाआड.

"खरंय," ती म्हणाली. "माझी चूक."

"ठीक आहे," शंकासुर म्हणाली आणि पट्टीचा गोळा करू लागली.

घरी येताना सासूबाईंनी विचारलं, "काय गं, लागलं का गोड?"

"खूप. पण आई, मघाशी मीच त्या मुलीला म्हटलं, 'माझी चूक.' कसं पटकन आलं तोंडून. काही म्हणजे काही लागलं नाही त्याला."

"चांगलं झालं की मग."

"चांगलं कुठलं! एवढं सोपं होतं आई, आणि त्या मेल्याला दोन वर्षं लागली? मला तर त्याचा आणखीच राग आलाय."

सासूबाई रस्त्यातच थांबून हसल्या. मग सुनेचा हात धरून म्हणाल्या, "येऊ दे. रागावर चांगली चालतेस तू. मला मात्र जरा हळू ने."

त्या रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी लिहिलं:

१८ नोव्हेंबर, शनिवार. शाळेत गेले होते. कार्यक्रम चांगला झाला. स्वयंपाकघरातली ट्यूब गेली होती, ती बदलून घेतली.