वर्ष सरायच्या आत बडोद्याचा राजवाडा

बाबांना जाऊन काही महिनेच झाले होते, आणि मी आईला बडोद्याचा राजवाडा दाखवायला निघाले होते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. नवऱ्याची नोकरी खडोलीच्या कारखान्यात, म्हणून आम्ही सिल्वासात. जळगावहून आईलाही तिथेच आणलं होतं. शेजारच्या नाशिकच्या काकूंनी मला जिन्यात गाठलं.

"अगं, वर्षाच्या आत आईला हिंडवतेस? लोक काय म्हणतील?"

म्हणू देत! आई खालच्या दुकानापर्यंतही जात नव्हती, ताटातलं अर्धं तसंच ठेवत होती. अशीच बसून राहिली तर ती त्या खोलीतच संपेल, याची मला भीती वाटत होती.

वापीपर्यंत शेअर रिक्षा मिळते. पहाटेच निघा, नाहीतर ट्रकांमागे धूळ खाल. रिक्षावाला आईला गुजरातीत म्हणाला, "बा, संभाळीने बेसजो," म्हणजे आई, सांभाळून बसा. पुढे रेल्वे. गाडीत मी काकूंना सुनवायची उत्तरं जुळवत बसले. आई खिडकीबाहेर बघत होती.

बडोद्याला उतरल्यावर आधी शेव-उसळ खा. तिखट झेपत नसेल तर तर्री वेगळी मागा. आमच्या खानदेशी आईने ती दोनदा मागून घेतली, आणि मला फार बरं वाटलं.

राजवाडा भर शहरात आहे, पण फाटकातून आत शिरलं की हॉर्न ऐकू येत नाहीत. चालणं बरंच आहे, पाणी जवळ ठेवा. दरबार हॉलच्या रंगीत काचा बघताना माझी मान दुखली. तिथला वयस्क रखवालदार बडोद्याच्या मराठीत सांगत होता, "राणीसाहेब वर, त्या जाळीमागे बसायच्या."

"खाली नाही यायच्या?" आईने विचारलं.

"नाही हो आजी. रीतच होती तशी."

आई जाळीकडे बघत राहिली. मग पदर खोचून थेट हॉलच्या मधोमध जाऊन उभी राहिली. मी हाक मारली तरी हलेना. "थांब गं, बघू दे मला नीट," म्हणाली.

रात्री घरी पोचलो. सकाळी काकू दारात हजर. "नेलंसच ना शेवटी आईला?"

माझी सगळी उत्तरं तयार होती. पण मी तोंड उघडायच्या आत आई आतून बाहेर आली, काकूंसमोर खुर्ची ओढून बसली.

"हिनं कुठं नेलं? मी गेले. तुम्हाला यायचं का पुढच्या वेळी?"