दांड्यावरचा हात

लेकीकडे इंग्लंडला तीन महिने राहिले, तेव्हा दुपारी ती मला कोपऱ्यावरच्या जुन्या पबमध्ये न्यायची. ती बियर घ्यायची, मी लिंबाचं सरबत. तिथला म्हातारा मालक आमच्या उंद्री गावातल्या हापशीसारखा लाकडी दांडा ओढून तळघरातल्या पिपातली बियर वर काढायचा. ती पिपातच मुरते म्हणे. पब उघडला की रात्रभर नळीत राहिलेल्या बियरचा पहिला ग्लास तो उजेडात धरायचा, हुंगायचा आणि सरळ मोरीत ओतायचा. मला हसू यायचं.

"काऊन हासून राह्यली वं आई?"

"आपल्या भट्टीवाल्यानं थेंब तरी सांडू देला असता का?"

नवरा त्या भट्टीवर प्यायचा, म्हणून पंचविशीत मी तिथे मुसळ घेऊन गेले होते. सगळी मडकी फोडली आणि गावच सुधारल्यासारखी ताठ मानेनं घरी आले. दुसऱ्या दिवसापासून आमचे हे शेजारच्या गावी जाऊ लागले. माझ्या पराक्रमानं त्यांची पायपीट तेवढी वाढली.

एका दुपारी एका गिऱ्हाइकानं तिसरा ग्लास मागितला. मालकानं दांड्यावरचा हात काढून घेतला, त्याच्यापुढे चहाचा कप ठेवला आणि हळूच काहीतरी बोलला.

"काय म्हणते वं तो?"

"म्हणते, बायको वाट पाहून राह्यली, घरी जा."

मी सरबताचा ग्लास खाली ठेवला. भट्टीवाल्याला मी येतील तेवढ्या शिव्या दिल्या होत्या. आमच्या ह्यांना एवढं एक वाक्य सांगत जा, असं मात्र कधी म्हणाले नाही. कोण जाणे, सांगितलंही असतं त्यानं.